नावा चढतात, जमीन उतरते

त्या पोराच्या कमरेला दोरी होती. निळी, नायलॉनची, कपडे वाळत घालायची. दुसरं टोक नावेवरच्या टपाच्या खांबाला पक्कं आवळलेलं. पोर दीड-दोन वर्षांचं असेल, अंगात नुसती चड्डी, हातात सोललेल्या अननसाची फोड. दोरीची लांबी अशी बेतलेली, की नावेच्या काठापासून वीतभर अलीकडेच ती संपावी. पोर डुलत डुलत तिथवर यायचं, दोरीचा हिसका बसला की धपकन बसायचं, आणि काहीच न झाल्यासारखं पुन्हा फोड चोखायला लागायचं. आई त्याच्याकडे पाठ करून अननस सोलत होती. वळूनही बघत नव्हती. "अगंबाई, बांधून ठेवलंय की गं लेकराला!" आमच्या होडीत नणंदेला ते पहिल्यांदा दिसलं. मग सगळ्यांनाच दिसलं, मोबाइल वर झाले, कुणीतरी च्च्‌च्च्‌ केलं. कडेला बसलेले इंदापूरचे काका तेवढे जागचे हलले नाहीत. मुलानं हौसेनं तिकीट काढून दिलं म्हणून आलेले, टोपी-सदऱ्यातले काका. "आमच्याकडं फडात अशीच असत्यात की," ते म्हणाले. "पाचटात साप-किरडू असतंय. आई कोयता चालवंल का पोरामागं पळंल?" तेवढ्यात कॉफीची नाव येऊन आमच्या होडीला चिकटली आणि बोलणं साखर घालायची की नाही यावर गेलं.

माझं लक्ष मात्र दोरीवरच राहिलं.

व्हिएतनामच्या दक्षिणेला, मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात, काइ रांगचा हा पाण्यातला बाजार कान थो शहरापासून सहाएक किलोमीटरवर भरतो. निन्ह किएउच्या धक्क्यावरून पहाटे साडेपाचला होडी निघते, तेव्हा नदीवर अजून अंधार असतो आणि नाकात आधी डिझेल शिरतं, मग ओलं गोणपाट, मग कांदा. उजाडता उजाडता नावा दिसू लागतात. मोठ्या लाकडी नावा, नाळेवर दोन्ही बाजूंनी रंगवलेले डोळे, पोटात भोपळे, रताळी, कोबी, कलिंगडं भरलेली. प्रत्येक नावेवर उंच बांबू उभा आणि त्याला माल टांगलेला: भोपळेवाल्याचा भोपळा, कांदेवाल्याची कांद्याची जुडी. ओरडायची गरज नाही, इंजिनांच्या आवाजात ऐकू तरी काय येणार? लांबून बांबू बघायचा आणि होडी तिकडे वळवायची. गाईड मुलीनं बांबूचे नियम सांगितले. टांगलंय ते विकायचं, हा पहिला. टांगलंय पण विकायचं नाही, ते म्हणजे धुतलेले कपडे. विकायचं आहे पण टांगत नाहीत, तो नाश्ता आणि चहा-कॉफी. चौथा नियम सांगताना ती जरा हसली. बांबूवर नारळाची झावळी टांगली असेल तर टांगलंय एक आणि विकायचंय दुसरंच: ती अख्खी नावच विकायला काढलेली असते.

नाश्त्याची नाव आली तेव्हा मी ती बाई किती वेळ बघत बसले. वल्हं टाकून तिनं एका हातानं आमच्या होडीचा काठ धरला, दुसऱ्या हातानं टायरला दोरीचा फास घातला आणि बसली ती थेट पातेल्यासमोर. नावेच्या मधोमध शेगडी, तिच्यावर उकळतं पाणी. जाळीच्या झाऱ्यात भाताच्या शेवया घालून पाण्यात दोन बुचकळ्या, झटका, वाटीत. वरून मोड आलेली कडधान्यं, कांद्याची पात, डुकराच्या मांसाचे काप, मग रस्सा. याला हू तिएउ म्हणतात. नणंदेसाठी मांस वगळून दिलं. रस्सा कशाचा, हे मी तिला विचारू दिलं नाही. शेजारून एखादी पर्यटकांची मोठी बोट गेली की लाट यायची, दोन्ही होड्या वरखाली व्हायच्या आणि त्या बाईचं मनगट लाटेबरोबर असं वळायचं की वाटीतला थेंब बाहेर सांडत नसे. पाय मात्र जागचे जागी. तिचं सगळं घर त्या चार हात लांबीत होतं: शेगडीमागे मीठ-साखरेच्या बरण्या, टपाला अडकवलेली टोपली, कोपऱ्यात पूर्वजांसाठी उदबत्त्यांचं छोटं भांडं.

पर्यटकांच्या बोटी म्हणाले, कारण त्या सकाळी बाजारात विकणाऱ्यांपेक्षा बघणारेच जास्त होते. हे तिथं गेलेल्या कुणालाही दिसतं, त्यासाठी आकडे लागत नाहीत. २०१६ मध्ये व्हिएतनामनं या बाजाराला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. असा दर्जा मिळाला की त्या गोष्टीचं काय होतं, ते आपणही आपल्याकडे पाहिलेलं आहे. दरम्यान काठानं काँक्रीटची भिंत बांधली गेली, पूल झाले, बागेतला माल ट्रकमध्ये चढून थेट हो ची मिन्ह सिटीला जाऊ लागला. मेकाँगच्या दोन मोठ्या फाट्यांपैकी तिएनवर मी थुआनचा पूल २००० साली उघडला, दुसऱ्या फाट्यावर, म्हणजे हाउवर, कान थोचा २०१० मध्ये. हा दुसरा पूल बांधताना २००७ मध्ये त्याचा एक भाग कोसळून पन्नासावर कामगार गेले, त्यांचं स्मारक तिथं आहे. पूल नव्हते तेव्हा दोन्हीकडे फेरी असायची, सणासुदीला तासन्‌तास रांगा लागायच्या. त्या रांगांची आठवण काढून हळहळणारा माणूस मला तिकडे एकही भेटला नाही.

हळहळ आमच्याकडेच होती, आणि फुकटची होती. माझ्या आत्याचं सासर गावखडीला. पूल व्हायच्या आधी आम्ही पूर्णगडच्या खाडीपाशी येऊन उभे राहायचो आणि तरवाल्याला हाळी घालायचो. तो पलीकडे असला की अर्धा-पाऊण तास गेला. भरती-ओहोटी बघून निघावं लागे, पावसाळ्यात तर बेतच रद्द. आता त्या दिवसांवर भावंडांच्या ग्रुपवर सुंदर सुंदर लिहिलं जातं: खाडीचा वारा, तरीचा तो डुगडुगणारा फळकूट, पाण्यात सोडलेला हात. लिहिणारे सगळे पुण्या-मुंबईत. आत्याला विचारलं तर ती एवढंच सांगते, की तिच्या थोरल्याला रात्री ताप भरला तेव्हा पलीकडे डॉक्टर होता आणि अलीकडे ती होती. पुलाबद्दल तिचं मत एका शब्दाचं आहे: "सुटलो."

गाईड मुलीलाही मी तेच विचारून पाहिलं. पंचविशीची, इंग्रजी चटपटीत, जन्म नावेवरचा. ती शाळेत घालण्याएवढी झाली तेव्हा वडिलांनी बांबूवर झावळी टांगली. आई आता काठावरच्या बाजारात फळं विकते, भाऊ बिन्ह दुआँगला बुटांच्या कारखान्यात आहे. या भागातली तरुण पोरं निम्मी तिकडेच, ती म्हणाली. नावेवरचं काय आठवतं, असं विचारल्यावर माझी अपेक्षा चांदणं, मासे, आजीची गाणी अशी काहीतरी असावी. "डास," ती म्हणाली. "आणि पावसात रात्री उठून पाणी उपसायचं, ते." मग मी दोरीचं विचारलं. तिला प्रश्नच कळेना. म्हणजे दोरी कळली, पण त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळेना. "मलापण बांधायचे. सगळ्यांना बांधतात." व्हिएतनाममध्ये लहान मुलं दगावण्याच्या मोठ्या कारणांमध्ये बुडणं आहे, आणि त्या आकड्यात या पाण्याच्या मुलखाचा वाटा आहेच. मी म्हटलं, मग तुला पोहता येत असेल छान. नाही म्हणाली. शिकवायला कुणाला सवड नव्हती, दोरी होती ना.

त्याच रात्री कान थोच्या रस्त्यावर पाणी आलं. पावसाचा टिपूस नव्हता. आम्ही नदीकाठाला जेवायला निघालो तर हॉटेलसमोरचा रस्ता घोट्याएवढ्या पाण्यात, आणि पाणी गटारांच्या जाळीतून वर येत होतं, अगदी शांतपणे, बुडबुडे सोडत. मी दिवस मोजले. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन, म्हणजे अमावस्या, म्हणजे उधाण. समुद्र तिथून ऐंशीएक किलोमीटर लांब आहे, पण नदीला तो कळतो. दिवसातून दोनदा पाणी उलटं फिरतं, जलपर्णीची बेटं सकाळी खाली गेलेली दुपारी वर येताना दिसतात. आमच्या पवनेवरची आणि इंद्रायणीवरची तीच ही जलपर्णी, फक्त तिथं तिचे देठ वाळवून टोपल्या विणतात. आश्विन-कार्तिकात वरून पुराचं पाणी आणि खालून उधाण अशी गाठ पडली की शहरात पाणी शिरतं, हे तिथल्यांना पाठ आहे. दुकानदारांनी उंबऱ्यावर फळ्या बसवल्या. शेवयावाल्यानं प्लास्टिकची स्टुलं उचलली नाहीत, गिऱ्हाइकं पाय पाण्यात सोडून जेवत होती. स्कूटरवाले एका संथ वेगानं पाणी कापत चालले होते. नणंद म्हणाली, "यांना काहीच कसं वाटत नाही?" मला उलट वाटलं. वाटून वाटून सवय झालेली दिसत होती.

वाटण्यासारखं कारण आहे. या त्रिभुज प्रदेशाची समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची २०१९ मध्ये नव्यानं मोजून मांडली गेली, ती जेमतेम ८० सेंटीमीटर निघाली. म्हणजे माझ्या कमरेपर्यंतही नाही. त्या कमरेएवढ्या मुलखात पावणेदोन कोटी माणसं राहतात आणि व्हिएतनामचा निम्मा भात पिकतो. वर समुद्र चढतोय हे तर आहेच, पण जमीन खाली बसतेय ती त्याहून वेगानं, कारण बोअर मारून मारून खालचं पाणी उपसलंय. नदी दरवर्षी गाळ आणून ही बसकण भरून काढायची. तो गाळ आता वर चीनमध्ये आणि लाओसमध्ये धरणांमागे अडकतो.

चाउ दॉकला गेलो तेव्हा तो पाण्याचा हिशोब आणखी जवळून दिसला. कंबोडियाच्या सीमेलगतचं गाव. तिथं नदीवर तरंगती घरं आहेत, रांगेनं नांगरलेली, पुढे गॅलरीत कुंड्या, कुत्रा, झोका. एका घरात गेलो. मालकीणबाईंनी माजघरातली फळी उचलली आणि खाली विहिरीसारखं काळं पाणी. मूठभर खाद्य टाकलं मात्र, पाणी उसळलं. शेकडो मासे एकावर एक, तोंडं वर, नुसती चळवळ, आमच्या चष्म्यांपर्यंत शिंतोडे. घराच्या पोटातच जाळीचा पिंजरा असतो आणि त्यात हे वाढतात. पाण्यावर तोंड काढून हवा घेता येते, म्हणून एवढ्या दाटीत जगतात. गाईडनं नाव सांगितलं आणि माझा नवरा उडालाच. "हा तो बासा?" हाच. पुण्यातल्या हॉटेलात सुरमईच्या निम्म्या भावात येणारा, काटा नसलेला, चव नसलेला बासा. त्यातला बराचसा याच नद्यांच्या काठचा, आता पिंजऱ्यांपेक्षा तळ्यांत वाढवलेला आणि बर्फात गोठवून आलेला. आपण ज्याला नावं ठेवत खातो त्या माशाच्या घरी जाऊन उभं राहिल्यावर जरा ओशाळायला होतं. घराच्या मागच्या बाजूला मातीचे मोठे रांजण होते, एकात पावसाचं पाणी, दुसऱ्यात नदीचं. नदीच्या पाण्यात बाईंनी तुरटी फिरवली. ती हाताची गोल फेर, ती पाण्यावर येणारी साय आणि खाली बसणारा चिखल, हे मी आजीच्या घरी शेवटचं पाहिलं होतं.

त्यांच्याकडे आम्हाला लिन्ह मासा मिळाला. बोटाएवढा, काट्यासकट खायचा, दिएन दिएन नावाच्या पिवळ्या फुलांबरोबर आंबट रश्श्यात. हा मासा पुराबरोबर येतो. पावसाळ्यात मेकाँग फुगली की कंबोडियातल्या तोनले साप सरोवरात पाणी उलटं भरतं, मासे तिथं वाढतात, आणि पाणी परत फिरलं की त्याच्यासोबत खाली उतरतात. इथले लोक त्याला पूर म्हणत नाहीत, पाणी तरंगायचा हंगाम म्हणतात, आणि वाट बघतात. पाणी शेतात पसरतं, गाळ टाकतं, उंदीर मारतं, मासे ठेवतं. अलीकडे पाणी उशिरा येतं, कमी येतं, मासाही कमी. शिवाय भाताचं तिसरं पीक घेता यावं म्हणून बऱ्याच ठिकाणी शेतांभोवती उंच बांध घातले, म्हणजे आलेलं पाणीही आत शिरत नाही. तिसरं पीक येतं, पण गाळ नाही म्हणून खताचा खर्च चढतो. काही शेतकरी आता बांध फोडून पाणी आत घेऊ लागलेत. हे ऐकल्यावर काकांनी विचारलं, तिसऱ्या पिकाला भाव काय मिळतो? मग बराच वेळ ते शिरोळकडच्या क्षारपड जमिनींबद्दल बोलत राहिले. उसाला पाणी पाजून पाजून कशा पांढऱ्या पडल्या, मीठ कसं वर आलं.

गावाबाहेर साम डोंगराच्या पायथ्याशी थोआय न्गॉक हाउ या सरदाराची समाधी आहे. १८१९ ते १८२४ या काळात त्यानं इथून समुद्रापर्यंत विन्ह ते नावाचा कालवा खणून घेतला. सत्त्याऐंशी किलोमीटर, कुदळ-फावड्यानं. हजारो मजूर लागले, किती तरी मेले. कालव्याला त्याच्या बायकोचं नाव आहे. मोटारबोटीतून त्या कालव्यात शिरलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ज्याला आपण निसर्गरम्य म्हणून बघत होतो त्यातलं निम्मं पाणी माणसानं खणलेलं आहे. आधी राजांनी, मग फ्रेंचांनी, मग ज्यानं त्यानं आपल्या दारापर्यंत. पाण्यावरचं जगणं हे काही नदीनं दिलेलं आंदण नव्हतं. ती त्या काळची रस्तेबांधणी होती. मग आता ही माणसं डांबरी रस्ता बांधताहेत म्हणून आपण तोंड वाकडं करणारे कोण?

इथवर माझं ठीक जमलं होतं. अडलं ते वाळूपाशी.

चाउ दॉकहून परत येताना नदीवर बार्जेस दिसत राहिल्या. पाण्यात इतक्या बुडालेल्या की काठ जेमतेम चार बोटं वर, मधे वाळूचा ओला ढीग. काकांनी त्या लांबूनच ओळखल्या. त्यांचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलेलं आहे. धरण फार आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा ते बघायला जातात. करमाळ्याकडच्या सोयरिकीला होडीनंच जात आले आणि भीमेतला वाळूउपसा त्यांनी आयुष्यभर पाहिला. "ही बोट रात्रीची चालती का दिवसा?" हा त्यांचा पहिला प्रश्न. इथली वाळू हो ची मिन्ह सिटीच्या इमारतींना जाते आणि आता त्रिभुज प्रदेशातल्याच द्रुतगती मार्गांच्या भरावाला. नदीचा तळ खोल गेला की काठ खालून पोकळ होतो आणि एक दिवस बसतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये आन ज्यांग प्रांतात वाम नाओ नदीचा काठ असाच बसला आणि रांगेतली घरं पाण्यात गेली, पक्की, स्लॅबची. तळ खोल गेल्यावर उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणीही आणखी आत शिरतं. २०१६ आणि २०२० मध्ये बागा आणि भात जळाला, प्यायचं पाणी टँकरनं आणावं लागलं.

म्हणजे नदीच्या पोटातून वाळू काढून रस्ता, रस्ता झाला म्हणून नावा संपल्या, नाववाल्यांनी काठावर घर बांधलं, आणि वाळू गेली म्हणून काठ सुटला. नावा जमिनीवर चढताहेत आणि जमीन पाण्यात उतरतेय, एकाच वेळी. झावळी टांगून नाव विकणं मला समजतं. गाईडच्या बापानं लेकीच्या शाळेपायी ती विकली. तो त्याचा निर्णय होता, आणि बाजार त्या कारणानं संपणार असेल तर संपू दे, मी फोटो न मिळाल्याची तक्रार करणार नाही. वाम नाओच्या काठावरच्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. या दोन गोष्टी माहितीपटांत एकाच सुरात सांगतात, 'लुप्त होत चाललेली जीवनशैली' म्हणून, आणि मला त्या सुराचाच राग येतो. पहिल्या गोष्टीत एका बाईचे हात मोकळे होतात. दुसरीत तिचं घर जातं. तरी मी मुद्दाम शोधून त्याच बाजाराला गेले होते, हेही आहेच, आणि पुन्हा संधी मिळाली तर पहाटे साडेपाचला त्याच धक्क्यावर उभी असेन.

बसमध्ये दुपारी सगळे पेंगत होते. खिडकीबाहेर नव्या रस्त्याचा भराव चालला होता, भातशेतातून सरळ रेघेत, आणि जाड पाइपातून पाणी मिसळलेली वाळू धबाधबा पडत होती. काकांनी मला हलवून उठवलं. "पोरीला इचारा, वाळूचा भाव काय हितं?" गाईडला सांगता येईना, तिनं ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हरला तोंडपाठ. त्यानं घनमीटरचा भाव सांगितला, दोन वर्षांपूर्वीचाही सांगितला, आणि मधल्या वाढीवर त्याच्या भाषेत एक शिवी घातली, ती भाषांतराशिवाय सगळ्यांना कळली. काकांना घनमीटर नको होता. त्यांनी मोबाइल काढला, डोंगचे रुपये केले, घनमीटरचे ब्रास केले, दोनदा ताळा करून पाहिला आणि म्हणाले, "आपल्याकडं लई महाग हाय." मग जरा थांबून, "म्हंजी हितं अजून शिल्लक हाय म्हनायची."